पैशाआधी पारख

घर किंवा जमीन घेण्यासाठी प्रथम पैसा लागतो, असे आपण मानतो. म्हणून नोकरी निवडताना पगाराचा आकडाच आधी विचारला जातो. ज्यांना पुढे स्थावर मालमत्तेत गुंतवणूक करायची आहे, त्यांनी मात्र आणखी एक प्रश्न विचारावा, असे मला वाटते : या नोकरीत मी काय शिकेन?

जमिनीच्या व्यवहारात भाव चुकला तर नफा घटतो. कागद चुकला तर मुद्दलच बुडते. महाराष्ट्रातील सातबारा उताऱ्याचेच पाहा. त्यात मालकाच्या नावाबरोबरच ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. कुळाचा हक्क, बँकेचा बोजा यांच्या नोंदी तेथे आढळतात. घाईत केवळ नाव वाचणारा नेमका येथेच फसतो. दस्ताची नोंदणी झाली म्हणजे विकणाऱ्याची मालकी सिद्ध झाली, हाही गैरसमजच होय. हरियाणात जमाबंदी, कर्नाटकात पहाणी, अशी कागदांची नावे प्रांतागणिक बदलतात. सावधपणे वाचण्याची गरज मात्र सर्वत्र सारखीच असते.

हे शिक्षण अनेक कामांतून मिळते. बांधकामावरील पर्यवेक्षकाला साहित्य व मजुरीचा खरा खर्च कळतो. गृहकर्ज विभागात उत्पन्न आणि हप्ता यांचा मेळ समजतो. मालमत्तेच्या दलालीत भाव उमगतात. मात्र महाराष्ट्रात २०२३ मध्ये दलालांना प्रशिक्षण व परीक्षा बंधनकारक करण्यात आली. तरीही माझा कौल वकिलाच्या किंवा दस्तलेखकाच्या हाताखालील कामाला आहे. पगार बेताचा असला, तरी तेथे इतरांच्या चुका रोज वाचायला मिळतात. करार नोंदवण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हा २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमातील नियम अशा ठिकाणी सहज अंगवळणी पडतो.

कोणी म्हणेल, पोटाची भ्रांत असताना कमी पगार कसा परवडेल? आक्षेप रास्त आहे. घरखर्च भागत नसेल, तर अधिक पगाराचेच काम घ्यावे. परंतु दोन नोकऱ्यांच्या पगारात थोडाच फरक असेल, तर शिकवणारी नोकरी निवडावी. आपल्यापैकी बहुतेक जण आयुष्यात एकदाच घर घेतात. त्या एका सहीमागे साऱ्या कुटुंबाची पुंजी असते. ती सही करणारा हात जाणता असावा, एवढ्यासाठी तरी ही निवड विचारपूर्वक केली पाहिजे.