सलामीच्या विजयाचं वजन

विदर्भाने रणजीचा पहिला सामना मारला, की मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरचा, पण नागपूरकडे ओढा असलेला चाहता करंडक गृहीत धरतो. 2017 चा दाखला असतोच: मोहालीत पंजाबला डावाने हरवून सुरुवात, शेवट इंदूरला करंडक उचलून. पण पुढच्याच हंगामाची सलामी महाराष्ट्राशी अनिर्णित सुटली, तरी करंडक विदर्भाकडेच राहिला. डावाच्या विजयाचा जादा गुण कामी येतो, हे कबूल. मात्र गुणांची मिजास बाद फेरीपर्यंतच. सलामीला जुन्या चेंडूवर बळी कोणी काढले, हे बघणं जास्त शहाणपणाचं. कारण विजयी सलामीनंतरही करंडक हुकतो: 2024 च्या जानेवारीत सेनादलाला हरवून सुरुवात झाली, उपांत्य फेरीत मध्य प्रदेशही गारद झाला (सौंसरात टाळ्या कुणासाठी वाजल्या, ते विचारू नये), आणि अंतिम सामन्यात मुंबईने 169 धावांनी धूळ चारली.