नेमणूकपत्रावर सही कोणाची? बुलडाण्यातील कंत्राटी भरती आणि आपले तरुण

बुलडाण्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्या वर्षी राज्यात सुरू झालेल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपैकी हे एक. अशी संस्था जिल्ह्यात आली की गावागावांत पहिला प्रश्न येतो, "किती जागा निघणार?" आजच्या काळात त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे. भरती करणार कोण?

बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २५ लाख ८६ हजार. त्यात अनुसूचित जाती सुमारे १८ टक्के, तर बौद्ध सुमारे १४ टक्के. या समाजाच्या दोन पिढ्या शेतमजुरीतून बाहेर आल्या त्या शिक्षक, लिपिक, परिचर, एसटीचा वाहक अशा नोकऱ्यांच्या आधाराने. खामगाव, मलकापूर, चिखलीच्या एमआयडीसीत सर्वांना काम मिळत नाही, म्हणून आपली मुले पुण्याची आणि छत्रपती संभाजीनगरची वाट धरतात. त्यामुळे सरकारी भरतीचे दार कसे बदलले, हे समजून घेणे आपल्यासाठी पोटापाण्याचा प्रश्न आहे.

सरकारी इमारतीत काम मिळण्याची आज तीन दारे आहेत. पहिले, नियमित पदभरती. तिला जाहिरात असते, बिंदुनामावली असते, गुणवत्ता यादी असते. राज्याच्या २००१ च्या आरक्षण कायद्यानुसार अनुसूचित जातींना १३ टक्के जागा येथे मिळतात. दुसरे, थेट करार. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील परिचारिका, तंत्रज्ञ याच दाराने येतात. नोकरी करारावर असली तरी जाहिरात निघते आणि प्रवर्गनिहाय जागा दाखवल्या जातात. तिसरे दार बाह्यस्रोताचे. येथे कार्यालय माणूस नेमत नाही, ठेकेदार नेमते. सफाई, सुरक्षा, वाहनचालक, डेटा एंट्री ही कामे अशीच दिली जातात. ठेकेदार कोणाला घेणार, कोणत्या निकषावर घेणार, याची यादी कोणत्याही फलकावर लागत नाही.

घटनेच्या अनुच्छेद १६(४) ने राज्याच्या सेवेतील नेमणुकीत आरक्षणाची सोय केली. तिसऱ्या दारात ही तरतूद कोणी रद्द केलेली नाही. नेमणूक करणाराच बदलला, त्यामुळे ती लागू होण्याची जागा उरली नाही. केंद्र सरकारच्या सूचनांनुसार त्यांच्या खात्यांत ४५ दिवस किंवा अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांनाही आरक्षण आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात तसे सांगितलेही. परंतु ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा माणूस मुळात खात्याचा कर्मचारीच धरला जात नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय काढला. तरुण रस्त्यावर आले, विरोध पेटला आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो रद्द करत असल्याचे जाहीर केले. तो संघटित विरोधाचा विजय होता. मात्र रद्द झाला तो एक शासन निर्णय, बाह्यस्रोताची पद्धत नव्हे. आता ती कार्यालयाकार्यालयाच्या निविदेतून येते. मोठ्या शासन निर्णयाची बातमी होते, तालुक्याच्या निविदेची होत नाही.

जे आत आहेत त्यांचे काय? थेट करारावरच्यांना किमान संघटना करता येते. आरोग्य अभियानात दहा वर्षे सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ रोजी निघाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी कर्मचाऱ्यांना १९ ऑगस्ट २०२५ पासून राज्यभर बेमुदत आंदोलन करावे लागले. ठेकेदाराच्या कामगाराची स्थिती याहून कठीण. निविदा संपली की ठेकेदार बदलतो, खुर्ची तीच, काम तेच, माणूसही अनेकदा तोच, पण त्याची सेवा पुन्हा शून्यापासून. यात संस्थेचेही नुकसान होते. वॉर्डाची सवय झालेला सफाई कामगार किंवा नोंदी जाणणारा ऑपरेटर निघून गेला की त्याचा अनुभवही जातो.

न्यायालयाची भूमिकाही बदलते आहे. २००६ च्या उमादेवी निकालाने नियमित प्रक्रियेविना आलेल्यांचा कायम होण्याचा हक्क नाकारला आणि प्रशासनाने तो निकाल ढालीसारखा वापरला. २० डिसेंबर २०२४ रोजी जग्गो प्रकरणात न्या. विक्रम नाथ व न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने ही ढाल नाकारली. केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे सफाई व बागकाम करणाऱ्यांना काढून टाकले होते. न्यायालयाने त्यांना सेवेत नियमित करण्याचा आदेश दिला. कायमस्वरूपी काम तात्पुरत्या नावाखाली करून घेता येत नाही, हा त्याचा अर्थ.

म्हणून कामाला लागणाऱ्या प्रत्येक तरुणाने पहिल्या दिवसापासून कागद सांभाळावेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनुसार नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. ते मागा. वेतन बँकेत घ्या. यूएएन क्रमांक घेऊन पीएफचे पासबुक दर महिन्याला तपासा. हजेरीचा फोटो, ओळखपत्र, ड्युटी चार्ट जपून ठेवा. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ कार्यालयावरही जबाबदारी येते. कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात चार गोष्टी मागाव्यात : मंजूर पदे किती, त्यापैकी बाह्यस्रोताने किती, निविदेत प्रति कामगार दर किती, आणि पीएफ भरल्याची चलने. निविदेतील दर व खात्यात जमा झालेली रक्कम शेजारी ठेवली की पुष्कळ गोष्टी उघड होतात.

हाच नियम आपल्याही घराला लागू आहे. समाजातील शाळा, वसतिगृहे, पतसंस्था, दवाखाने, दुकाने यांतही माणसे कामाला असतात. तेथे नेमणूकपत्र आहे का? पगाराची तारीख ठरलेली आहे का? 'समाजाचे काम आहे' म्हणून कमी पैशांत राबवून घेणे ही ठेकेदारीच झाली. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, विशेष मिळाले तर वाटून खाणे, वेळेवर रजा देणे. एवढे पाळले तरी चांगला माणूस सोडून जात नाही.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री म्हणून कामगार कायद्यांना आकार दिला. आरक्षण आणि कामगार हक्क ही त्यांच्यासाठी दोन वेगळी आंदोलने नव्हती. आपण पहिले धरले आणि दुसरे सोडले. त्या सुटलेल्या जागेत ठेकेदार शिरला. पुढचा मोर्चा जागांसाठी निघेल तेव्हा त्याच्या निवेदनात पहिली मागणी असावी : कायम कामाला थेट नेमणूक, आणि नेमणूकपत्रावर ठेकेदाराची नव्हे, कार्यालयाची सही.