वाघाला जंगल, नमशूद्राला काय?

नमशूद्र म्हंजे बंगालचा महार. ढोबळ बोलतोय, पण समजायला पुरे. इंग्रजांच्या कागदात त्याचं नाव ‘चांडाळ’ होतं, ते पुसून घ्यायला १९११ ची शिरगणती उजाडावी लागली. ओराकांदीच्या हरिचांद ठाकुरांनी आणि त्यांच्या मुलाने, गुरुचांदांनी, या माणसांना उभं केलं, शाळेत घातलं. याच लोकांच्या बळावर १९४६ साली बाबासाहेब घटना समितीत गेले. मुंबईतून नाय, बंगालमधून. जोगेंद्रनाथ मंडलांनी त्यासाठी मतं जमवली. चौदा एप्रिलच्या स्टेजवरून एवढं तरी कुणीतरी सांगतं. पुढचं कुणीच सांगत नाय.

पुढचं म्हंजे फाळणी. खुलना, जेसोर, बरिसाल, फरीदपूर पाकिस्तानात गेलं. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन इकडे आले. मंत्र्याची ही गत, तर नांगर आणि होडीवर जगणाऱ्याची काय असेल? पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना येऊ द्या, त्यांची सोय करा, म्हणून बाबासाहेबांनी डिसेंबर १९४७ मध्ये नेहरूंना पत्र लिहिलं. निर्वासितांचा प्रश्न हा आपला प्रश्न आहे, हे बापाने तेव्हाच सांगून ठेवलंय.

निर्वासितालाही जात असते, दोस्तहो. आधी आलेला भद्रलोक कलकत्त्याच्या दक्षिणेला मोकळ्या जागा धरून बसला. विजयगड, आझादगड अशा वसाहती उभ्या राहिल्या, पुढे कायदेशीर झाल्या. नंतर आलेल्या नमशूद्राला छावणी मिळाली. मग आगगाडीत कोंबून कुणाला अंदमान, कुणाला दंडकारण्य. १९५८ साली दंडकारण्य प्रकल्प निघाला. मलकानगिरी, उमरकोट, पारलकोट. पाण्यात जन्मलेल्या माणसाला खडकावर नेऊन टाकलं आणि सांगितलं, पिकव. ती जमीन तरी कुणाची होती? गोंडांची, कोयांची. त्यांना कुणी विचारलं? एका नागड्याचं धोतर फेडून दुसऱ्या नागड्याला नेसवायचं, याला सरकार पुनर्वसन म्हणतं.

विरोधी बाकावर असताना निर्वासितांना बंगालमध्येच जागा द्या म्हणणारे डावे जून १९७७ मध्ये सत्तेवर आले. लोकांनी तो शब्द खरा मानला. १९७८ मध्ये भांडीकुंडी विकून हजारोंनी दंडकारण्य सोडलं. कितीतरी वाटेतच पकडून परत धाडले. तरी हजारो माणसं सुंदरबनात मरीचझापी बेटावर पोचली. सरकारकडून दमडी न घेता त्यांनी बांध घातले, विहिरी पाडल्या, शाळा काढली, दवाखाना काढला, होड्या बांधल्या, मासळी सुरू केली, विड्या वळल्या. यालाच तर स्वावलंबन म्हणतात ना? सरकार म्हणालं, हे राखीव जंगल आहे, वाघाचं आहे. याच बेटावर काही वर्षं आधी सरकारनेच जंगल तोडून नारळ लावले होते. नारळाला वाघ भीत नसावा.

जानेवारी १९७९ च्या शेवटच्या आठवड्यात बेटाला पोलिसांच्या लाँचींचा वेढा पडला. धान्य बंद, औषध बंद, गोडं पाणी बंद. ३१ जानेवारीला गोळीबार. मेच्या मध्यावर झोपड्या पेटवून बेट रिकामं केलं. सरकारी हिशेबात मेलेले दोन. बाकीचे हिशेब शेकड्यांपासून हजारांपर्यंत जातात, आणि नीट मोजायची तसदी आजवर एकाही सरकारने घेतली नाय.

त्याआधीच्याच पावसाळ्यात, जुलै १९७८ नंतर, नामांतराच्या ठरावावरून मराठवाड्यात आपली घरं पेटली होती. आपली माणसं लेकरं काखोटीला मारून गावं सोडत होती. दोन आगी, एकच घर. पण इकडे मरीचझापीचं नाव किती जणांनी ऐकलं होतं? मनोरंजन ब्यापारींसारखा छावणीत वाढलेला, रिक्षा ओढलेला माणूस लिहायला लागला तेव्हा कुठे काहींना कळलं.

आणि हे सगळं लांबचं नाय. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली गावं आहेत. साठीच्या दशकात सरकारनेच आणून वसवलेली. नमशूद्र पश्चिम बंगालच्या यादीत अनुसूचित जात आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाय. म्हंजे सरकारने गाडीत बसवलं तेव्हा अस्पृश्य, उतरवलं तेव्हा कुणीच नाय! तलाठ्याला, मास्तरला, शेजाऱ्याला त्याची जात बरोबर कळते. फक्त दाखला देणाऱ्या टेबलाला कळत नाय.

आपल्यातलेच काही पुढारी खासगीत म्हणतात, हे यादीत आले तर आपल्या ताटात वाटेकरी. अरे, १९५६ ला बौद्ध झालो तेव्हा आपल्या सवलती गेल्या, त्या केंद्रात परत यायला १९९० उजाडलं. तेव्हा आपल्याकडे बोट दाखवून वाटेकरी कोण म्हणत होतं, आठवा. अनुशेषाच्या जागा वर्षानुवर्षं कोण रिकाम्या ठेवतो, त्याची गचांडी धरायची सोडून उपाशी माणसाची पंगत मोजत बसायचं?

दिल्लीने २०१९ मध्ये नागरिकत्वाचा नवा कायदा केला, नियम काढले मार्च २०२४ मध्ये. तीन देश, सहा धर्म, त्यात मुसलमान नाय. श्रीलंकेतून आलेला तमिळही नाय. चहामळ्यावर राबायला इंग्रजांनी नेलेल्या आणि १९४८ मध्ये तिथे नागरिकत्व नाकारलेल्या मजुरांचे वंशज त्यात आहेत, पुष्कळसे आपल्याच जातीपातीचे. रोहिंग्याचं तर नावच काढायचं नाय. आणि ज्या नमशूद्रासाठी हा कायदा म्हणून ढोल बडवला, त्याच्या मागे २००३ ची दुरुस्ती लागलीच आहे. आईबापांतला एक जरी बेकायदा ठरला, तरी इथे जन्मलेलं पोरही उपरं. मेहरबानीने मिळालेलं नागरिकत्व मेहरबानीनेच जातं. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेले बंगाली बोलणारे मजूर सीमेपार ढकलले, आणि त्यातले काही बंगालचेच निघाले म्हणून जूनमध्ये परत आणावे लागले. भाषा ऐकून माणूस हाकलायचा! उद्या आपल्या उसतोड्याची बोली कर्नाटकात कुणी ऐकली तर?

भारताने १९५१ च्या निर्वासित कराराला सही दिलेली नाय, स्वतःचा निर्वासित कायदाही केलेला नाय. म्हणून कोण पाहुणा आणि कोण घुसखोर हे ज्या त्या वेळचा गृहमंत्री ठरवतो. आम्हाला कायदा पाहिजे. धर्म न विचारणारा. जिवाच्या भीतीने आलेल्याला परत न ढकलणारा, कामाचा परवाना आणि पोराला शाळा देणारा. वसवायचं तर आदिवासी ग्रामसभेला विचारून, तिच्या जमिनीला हात न लावता. आणि नमशूद्राला गडचिरोलीत दाखला, आजच्या आज. नामांतराला सोळा वर्षं लागली. हे लोक साठ वर्षं रांगेत आहेत.