मोहाच्या दारूला परवाना द्या

२००४ मध्ये बंगळुरूच्या ‘अमृत’ने भारतीय सिंगल माल्ट थेट ग्लासगोत विकायला काढली, पुढे गोव्यातल्या कुंकळ्ळीतून ‘पॉल जॉन’ निघाली. सातूच्या या दारूचं मला मनापासून कौतुक आहे. पण आमच्या सालेकसा-देवरीकडे चैत्रात पहाटे अंधारात मोहफुलं वेचणाऱ्या बाया ती अंगणात वाळवून व्यापाऱ्याला किलोच्या भावानं देतात. तीच फुलं घरी गाळली की गुन्हा! गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला वारसा मद्य मानलं. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये फुलांवरचे निर्बंध सैल केले, तेवढ्यावर थांबू नये. व्यसनाची भीती खरी आहे. म्हणूनच गाळण्याचा परवाना ठेकेदाराला नको, ग्रामसभेच्या देखरेखीखाली बचतगटांना द्यावा.