दम्याचा पंप आणि आईची भाषा

मलप्रभेच्या उगमाचे गाव म्हणून कणकुंबी सर्वांना ठाऊक आहे, आणि तिथला पाऊसही. जूनपासून पुढे भिंतींना ओल, अंथरुणाला बुरशीचा वास आणि चुलीत ओल्या लाकडाचा धूर. धडधाकट माणूस तिथे कोंदटतो, मग दमेकरी मुलाची काय कथा! मध्यरात्री मुलाची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली की जांबोटीमार्गे खानापूर गाठायचे, नाहीतर चोर्ला घाट उतरून गोव्याची वाट धरायची. त्या भागातल्या पालकांना हा प्रवास नवा नाही.

2023 साली महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागाच्या 12 तालुक्यांतील 865 गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटकाने आक्षेप घेतला, दोन्हीकडचे पुढारी बोलले. निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो. परंतु ती योजना मुख्यतः इस्पितळात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. दम्याचे रोजचे काम घरात चालते आणि ते आई करते, आजी करते. त्यांना शिकवते कोण?

डॉक्टर बहुधा दोन पंप देतात. एक साल्ब्युटामॉलचा, बहुतेक वेळा निळा. श्वासनळ्यांचे आवळलेले स्नायू तो सैल करतो आणि काही मिनिटांत आराम पडतो. दुसरा बुडेसोनाइडसारख्या स्टिरॉइडचा. तो नळ्यांच्या आतली सूज हळूहळू उतरवतो, म्हणून मूल हसतखेळत असले तरी रोज घ्यायचा असतो. घराघरांत बंद पडतो तो नेमका हाच. फायदा डोळ्यांना दिसतो निळ्याचा. शिवाय स्टिरॉइड हा शब्द ऐकूनच आई धास्तावते. फवाऱ्यातली मात्रा अगदी थोडी असते आणि ती थेट छातीत जाते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. पंप एकदा लागला की सुटत नाही, असे शेजारीण सांगते. मुलगी असेल तर लग्नाच्या वेळी अडचण नको म्हणून पंप कपाटात साड्यांमागे जातो.

आजीचे मत वेगळेच. केळे नको, दही नको, मृगाला हैदराबादला जाऊन माशाचे औषध घेऊन या. आजीला हिणवून काही साधत नाही. मूल दिवसभर तिच्याकडे असते, तेव्हा शिकवायचे तर तिलाही शेजारी बसवले पाहिजे.

2019 च्या जागतिक अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात. रोजचा पंप न घेणे हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

लहान मुलाला पंप स्पेसर लावूनच द्यायचा असतो. पंप हलवायचा, एका वेळी एकच फवारा, मग पाच-सहा सावकाश श्वास. स्टिरॉइडनंतर चूळ भरायची. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यायचा, फडक्याने पुसायचा नाही. पुसला की औषध आतल्या भिंतीला चिकटते. स्पेसर महाग वाटतो म्हणून अडून राहू नये. दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनच्या डॉ. हेदर झार व सहकाऱ्यांनी 1999 साली दाखवून दिले की मुलांच्या झटक्यात 500 मिलिलीटरच्या साध्या प्लास्टिक बाटलीला भोक पाडून बनवलेला स्पेसर विकतच्या स्पेसरइतकेच काम देतो. ही बाटली कणकुंबीच्या प्रत्येक दुकानात मिळते. ती कशी कापायची हे मात्र डॉक्टरांकडून बघून घ्यावे.

एवढे सगळे सांगायला वेळ हवा आणि भाषा हवी. गर्दीच्या दवाखान्यात दोन मिनिटे मिळतात, हाती पडणारे पत्रक कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असते. मराठी शाळेत शिकलेली आई मान हलवून बाहेर येते आणि औषध दुकानदाराला विचारते. तिची हुशारी कमी नाही. चौथीतल्या मुलाचा अभ्यास तीच घेते.

भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती किमान 15 टक्के आहे तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात, हे 1956 च्या केंद्रीय निवेदनापासून चालत आलेले संरक्षण आहे. मराठी परिपत्रकांची आपली जुनी मागणी त्यावरच उभी आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्याइतकेच पंपाचे पत्रकही त्यात बसते, असे आमचे मत आहे. 2004 साली महाराष्ट्राने दाखल केलेल्या सीमादाव्याचा निकाल काहीही लागो, ही मागणी आजच करता येते. खानापूर तालुक्याच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात दम्याचे एक मराठी पान, आशा सेविकेच्या हाती एक स्पेसर, आणि मराठी शाळेत मुलाचा निळा पंप कुठे आहे हे ठाऊक असलेला एक शिक्षक. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीतून घरी येणाऱ्या आयांनाही कपडे बदलूनच मुलाला जवळ घ्या, हे कोणीतरी त्यांच्या भाषेत सांगायला हवे.

सरकार हलेल तेव्हा हलेल. बेळगाव, शहापूर, खानापूरच्या जुन्या घराण्यांतून आज कितीतरी डॉक्टर आहेत. त्यांच्यापैकी कोणी मृगाआधीचा एखादा रविवार कणकुंबीला दिला, तर आया आणि आज्या शाळेच्या ओसरीवर नक्की जमतील. येताना घरचे सगळे पंप बरोबर आणा, असा निरोप तेवढा आधी धाडावा.