वॅटचा माज आणि दोन खोल्यांचे घर

गेमिंग कॉम्प्युटर म्हटला की डोळ्यांपुढे उभे राहणारे चित्र बाजाराने रंगवलेले असते. काचेचे कॅबिनेट, आत सात रंगांत झगमगणारे पंखे आणि शेजारच्या खोलीतही कळेल एवढी घरघर. जितका आवाज, जितका उजेड, जितके वॅट, तितकी ताकद, असा हा हिशेब. माझे म्हणणे आहे की हा हिशेब खोटा आहे आणि लहान घरांना तो फार महागात पडतो. थंड, शांत आणि कमी वीज खाणारा कॉम्प्युटर म्हणजे गरिबाची तडजोड नव्हे. तोच खरा विचार करून बांधलेला कॉम्प्युटर असतो.

भाषा शिकवणाऱ्या मास्तराने यात कशाला पडावे, असे कुणी विचारील. कारण साधे आहे. दुकानाचे कोटेशन इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत असते. ते वाचून घ्यायला पालक शाळेत येतात. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याचे वडील असाच कागद घेऊन आले. यंत्रमागावर काम करणारा माणूस. दोन वर्षे पैसे बाजूला टाकलेले. "सर, ये बराबर है ना?" एवढेच त्यांनी विचारले.

कागद बराबर नव्हता. त्यात ७५० वॅटचा एसएमपीएस होता, रंगीत दिव्यांचे चार पंखे होते, पुढून काचेने बंद असलेले कॅबिनेट होते आणि एकट्यानेच २५० वॅट खाणारे जुने ग्राफिक कार्ड होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाले आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. हे कार्ड आधी कुठे राबले होते, याचे उत्तर दुकानात मिळत नाही. रॅम मात्र ८ जीबीची एकच. म्हणजे जिथे पैसा लागायला हवा तिथे काटकसर आणि जिथे नको तिथे रोषणाई. लग्नातल्या उधळपट्टीवर आपण तासतास बोलतो. ही उधळपट्टी मात्र कुणाला दिसत नाही, कारण ती 'स्पेसिफिकेशन' या नावाने येते.

हा माज दुकानदाराने जन्माला घातलेला नाही, वरून आला आहे. २०१६ साली एनव्हिडियाचे जीटीएक्स १०८० हे कार्ड १८० वॅटचे होते. २०२२ चे आरटीएक्स ४०९० हे ४५० वॅटचे झाले आणि २०२५ चे आरटीएक्स ५०९० थेट ५७५ वॅटचे. इंटेलचा कोअर आय-नाईन १४९००के हा प्रोसेसर जोरात असताना २५३ वॅटपर्यंत जातो. दर पिढीत एका वॅटमागे होणारे काम वाढले, हे खरे आहे. पण ती बचत कंपन्यांनी ग्राहकाच्या मीटरला दिली नाही. स्पर्धेतल्या आलेखात आपली रेघ दोन बोटे वर दिसावी म्हणून ती जाळून टाकली.

ही शेवटची दोन बोटेच सगळ्यात महाग असतात. चिपचा वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. उलट बाजूने पाहा. वेग थोडासा कमी केला की वीज आणि उष्णता त्याहून कितीतरी जास्त उतरतात. इंजिनिअरांना हे ठाऊक आहे. २०२२ साली आलेल्या स्टीम डेक या हातात धरायच्या यंत्राची चिप ४ ते १५ वॅटमध्ये चालते आणि लाखो लोक त्यावर खेळतात. कमी विजेत खेळता येते, हे आता सिद्ध करायचे उरलेले नाही. फक्त ते शोकेसमध्ये झगमगत नाही.

आता आपल्या घरात या. कॉम्प्युटरने खाल्लेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. ४०० वॅटचे मशीन म्हणजे उन्हाळ्यात लावलेला ४०० वॅटचा हीटर. मालेगावात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि वर पत्रा असतो. यूट्यूबवरचे परीक्षक एसीच्या खोलीत २४ अंशांवर तपासणी करून 'तापमान उत्तम' म्हणतात. कोणताही पंखा चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली १८ अंशांनी गरम असेल तर चिपही साधारण तेवढीच जास्त तापणार. मग ती स्वतःला वाचवायला वेग कमी करते, म्हणजे ज्या ताकदीचे पैसे मोजले तीच उन्हाळ्यात मिळत नाही.

बिलाचे पाहा. भिंतीतून ४०० वॅट ओढणारे मशीन रोज चार तास चालले तर महिन्याला ४८ युनिट. १०० वॅटचे मशीन तेवढाच वेळ चालले तर १२ युनिट. ज्या घराचा वापर ८०-८५ युनिटचा आहे, ते घर पहिल्या मशीनने १०० चा टप्पा ओलांडते आणि त्यावरचे प्रत्येक युनिट चढ्या दराने पडते. दुसऱ्या मशीनने ते काठावरच राहते. शिवाय वीज जाते तेव्हा काय? ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटचाच भार पेलतो. मोठे मशीन त्यावर तत्क्षणी बंद पडेल. लहान मशीन काम सेव्ह करून नीट बंद करायला वेळ देईल.

आणि आवाज. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या गावाला आवाजाचे काय सांगायचे, असे म्हणू नका. दिवसभर तो खडखडाट ऐकून आलेल्या माणसालाच रात्री शांतता हवी असते. दोन खोल्यांच्या घरात त्याच कोपऱ्यात दादी झोपते आणि दहावीची बहीण अभ्यास करते. घरघरणारे मशीन तिथे भांडणाचे कारण होते. आणि असे भांडण निवाड्याला येते तेव्हा बहुतेक वेळा मशीन चालू राहते आणि बहीण वही घेऊन ओट्यावर जाते. शांत कॉम्प्युटर ही चैन नाही. तो त्या घरातल्या मुलीच्या अभ्यासाचा हक्क आहे.

मग घ्यायचे काय? त्या वडिलांना मी जी यादी लिहून दिली, तीच इथे सांगतो. एएमडीचा रायझन ५ ५६००जी: सहा कोअर, ६५ वॅट, ग्राफिक्स आतच आणि सोबत पंखाही मिळतो. रॅम ८ जीबीच्या दोन, एकच मोठी नव्हे. आतले ग्राफिक्स रॅमवरच जगतात. डीडीआर४ ३२०० ची एक रॅम सेकंदाला २५.६ जीबी माहिती पुरवते, दोन जोडीने लावल्या तर ५१.२. साधा एसएसडी. नामांकित कंपनीचा, ब्राँझ दर्जाचा ४५० वॅटचा एसएमपीएस. असे मशीन खेळताना साधारण १०० वॅटच्या आसपास राहते.

कॅबिनेट पुढून जाळीचे घ्या, काचेचे नको. आमच्या गावात कापसाची कस उडते, म्हणून जाळीमागे धुता येणारे फिल्टर हवेच. पंखे मोठे आणि संथ ठेवा. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, हवा मात्र निम्मी तरी मिळतेच. बायोसमध्ये पंख्याची चढण सौम्य करा, प्रोसेसरला इको मोडमध्ये ४५ वॅटवर बांधा आणि खेळात फ्रेमची मर्यादा ६० वर ठेवा. याला एक रुपया लागत नाही.

पुढे पैसे जमले तर ग्राफिक कार्ड वेगळे घाला, पण एक नियम पाळा: एसएमपीएसची वेगळी वायर मागणारे कार्ड घ्यायचे नाही. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅटपर्यंत देतो. त्यात बसणारी कार्डे आहेत. आरएक्स ६४०० हे ५३ वॅटचे, तर आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे कार्ड ७० वॅटचे. घरातला जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो. त्या पंख्याहून कमी विजेत कार्ड चालते, हे कोटेशनवर कुणी लिहीत नाही.

आक्षेप येईल की ते जुने २५० वॅटचे कार्ड यापेक्षा जास्त फ्रेम काढते. काढते, मान्य. पण त्या घरातली स्क्रीन ६० हर्ट्झची आहे. ती सेकंदाला ६० चित्रे दाखवते, उरलेल्या चित्रांपैकी बहुतेक फक्त खोली तापवतात. स्पर्धेत उतरणाऱ्याला त्या जास्तीच्या फ्रेमचा थोडा फायदा होतो, हेही मान्य. आणि या वर्षीचे सगळ्यात जड खेळ ५६००जी वर सुखाने चालणार नाहीत. पण व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, रॉकेट लीग, जीटीए फाइव्ह हे खेळ १०८० पिक्सेलवर चित्रांचा दर्जा गरजेनुसार मध्यम किंवा कमी ठेवून छान चालतात. आमची मुले हेच खेळतात.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा. गरिबाच्या पोराला खेळ हवाच कशाला? हा प्रश्न श्रीमंताच्या पोराबद्दल कुणी विचारत नाही. खेळायला आणलेल्या याच मशीनवर तो ब्लेंडर शिकेल, पायथन शिकेल, नस्तालिकमध्ये उर्दू टाइप करील. निव्वळ 'अभ्यासाचा' म्हणून आणलेला रडतखडत चालणारा कॉम्प्युटर सहा महिन्यांत कपड्याखाली झाकून ठेवलेला मी पुष्कळ घरांत पाहिला आहे. मूल जिथे आनंदाने बसते, तिथेच शिकते. बीएडच्या पुस्तकांनी एवढे तरी शिकवलेच.

म्हणून दुकानात जाल तेव्हा 'किती जीबीचे कार्ड' हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा: खेळताना भिंतीतून किती वॅट ओढतो? भर उन्हाळ्यात पंखा किती ओरडतो? दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर मशीन चालू करायला लावा, एक खेळ अर्धा तास चालवा आणि शेजारी खुर्ची घेऊन बसा. त्या आवाजात तुमच्या मुलीला वाचता येईल का, हे तुम्हाला तिथेच कळेल.