घास गिळण्याचाही हक्क हवा

तोंडाच्या कॅन्सरचे ऑपरेशन आणि शेक महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. पण घरी परतलेल्या रुग्णाच्या घासाचे काय, असा आमचा सवाल आहे. शेकाने लाळ आटते, तोंड सोलून निघते, चव जाते, जबडा आखडतो. भाकरी-ठेचा खाणारा आमचा माणूस पाण्याच्या घोटालाही भितो, आणि घरचे म्हणतात, नखरे करतो! अंगातली ताकद गेली की उपचार अर्धवट सुटतो. मऊ खिचडी, कुस्करलेले अंडे, मीठ-सोड्याच्या गुळण्या, जबड्याचा व्यायाम हे समजावणारा आहारतज्ज्ञ प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हवाच. २०१२ साली गुटखाबंदी झाली. पुड्या आजही वस्तीत मिळतात. त्याचा जाब आम्ही सरकारला विचारूच. पण तोवर विहारातून रुग्णाच्या घरी मऊ जेवणाचा डबा गेला पाहिजे. ते काम आपलेच आहे.